विहिरीचे पाणी वर चढू लागले की: भूजलपातळीच्या नोंदी आणि पुराची पूर्वतयारी

नदी पात्राबाहेर आली की सर्वांना दिसते. जमिनीखालून चढणारे पाणी मात्र पिकाची पाने पिवळी पडेपर्यंत लक्षात येत नाही. मुरलेले पाणी भूजलापर्यंत पोहोचायला काही दिवस लागतात, पाणी खोल असेल तर काही आठवडेही लागतात, आणि त्यामुळे भूजलाची सर्वांत वरची पातळी पुष्कळदा पाऊस ओसरून ऊन पडल्यानंतर येते. म्हणून केवळ आभाळाकडे पाहून निर्धास्त होऊ नये; विहिरीतील पाण्याचे रोजचे माप वहीत लिहून ठेवावे.

हे माप ठरलेल्या वेळी, शक्यतो पहाटे पंप सुरू करण्यापूर्वी घ्यावे, कारण रात्रभर उपसा बंद राहिला म्हणजे विहिरीतील पाणी भोवतालच्या भूजलाच्या पातळीला येऊन स्थिरावते. कठड्यावर एका जागी रंगाची खूण करून प्रत्येक वेळी तिथूनच मोजावे. टोकाला वजन बांधलेल्या मापपट्टीच्या खालच्या हातभर भागाला खडू चोळावा, ती पाण्यात थोडी बुडेल इतकी सोडावी आणि खुणेपाशी आलेला आकडा वाचून वर ओढावी. खडू जिथपर्यंत भिजून गडद झाला असेल तो आकडा आधीच्या आकड्यातून वजा करावा. खुणेपाशी ५ मीटर आणि ओल २२ सेंटिमीटरपर्यंत असेल, तर पाणी खुणेपासून ४.७८ मीटरवर आहे. त्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची खोली मिळते. अंदाजाने ‘काल एवढी पायरी दिसत होती’ असे म्हणण्यापेक्षा हे दोन मिनिटांचे काम कितीतरी भरवशाचे आहे.

विहीर दूर असेल किंवा चढावर असेल, तर शेताच्या सखल भागात गिरमिटाने दीड-दोन मीटर खोल भोक पाडून त्यात पीव्हीसी पाईप उभा करावा. पाईपच्या खालच्या अर्ध्या भागाला बारीक छिद्रे पाडून त्यावर कापड गुंडाळावे आणि भोवती जाडी वाळू भरावी. वरची वीतभर जागा मात्र चिकणमातीने घट्ट ठोकावी, नाहीतर पृष्ठभागावरचे पाणी पाईपलगत खाली उतरेल आणि माप फसवे येईल.

एका दिवसाच्या आकड्यापेक्षा पातळी चढण्याचा वेग महत्त्वाचा असतो. पाणी ३.२ मीटरवर आहे आणि रोज १२ सेंटिमीटर चढते आहे असे दिसले, तर ते १ मीटरवर यायला साधारण अठरा दिवस लागतील, असा हिशेब करता येतो. हा हिशेब शेवटच्या टप्प्यात मात्र कोलमडतो. भारी चिकण जमिनीतील मोकळी पोकळी फार थोडी असल्याने १० मिलिमीटर पाणी मुरले तरी भूजल २० ते ५० सेंटिमीटर उचलले जाऊ शकते, तर वाळूसर जमिनीत तेवढ्याच पाण्याने ते जेमतेम ४-५ सेंटिमीटर चढते. शिवाय भूजलाच्या लगेच वरचा थर केशाकर्षणामुळे, म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी आपोआप वर ओढले गेल्यामुळे, आधीच ओलाचिंब असतो. पातळी पृष्ठभागाजवळ आली की एखादी मध्यम सरसुद्धा ती झटकन वर आणते. त्यामुळे भारी जमिनीत पाणी दोन मीटरच्या आत आले की तयारीला लागावे, असे आमचे मत आहे.

तयारीत पहिले काम चर मोकळे करण्याचे. चराचे तोंड ज्या नाल्यात उघडते तो नाला चरापेक्षा खोल आहे ना, मोरी गाळाने बुजलेली नाही ना, हे चालत जाऊन पाहावे. नालाच तुडुंब असेल, तर चरातून पाणी उलट शेतात शिरते. बांधावर वाळूची पोती रचून बाहेरून येणारे पाणी अडते, खालून झिरपणारे अडत नाही. अशा वेळी शेतातील पाणी पंपाने उपसत बसणे म्हणजे डिझेल वाया घालवणे होय.

या दिवसांत जमिनीखालची टाकी किंवा अस्तर घातलेले शेततळे रिकामे ठेवू नये. बाहेरील पाण्याचा दाब रिकाम्या टाकीला उचलतो, आणि तळ्यातील प्लास्टिक फुग्यासारखे वर येऊन सांध्यांत फाटते. पाणी भरलेले असले की आतील वजन हा दाब तोलून धरते. काठोकाठ भरलेली विहीर घाईने उपसणेही धोक्याचे, कारण मागील ओल्या मातीचा दाब एकदम बांधकामावर येऊन कडा ढासळू शकते. पंपाचा स्टार्टर व विजेची पेटी उंचावर हलवावी आणि खते-औषधे फळीवर किंवा वरच्या माळ्यावर ठेवावीत. जनावरे उंच जागी न्यावीत आणि पाणी चढू लागले तर त्यांची दावी सोडावीत.

पाण्याने भरलेल्या जमिनीतील प्राणवायू उबदार हवेत एक-दोन दिवसांतच संपतो. भात हे सहन करते. पपई, मिरची आणि टोमॅटो यांना ते झेपत नाही, म्हणून सखल तुकड्यात ही पिके घेणे टाळावे किंवा ती उंच गादीवाफ्यावरच घ्यावीत. पातळी चढत असताना नत्रखताचा हप्ता पुढे ढकलावा, कारण साचलेल्या पाण्यात नत्राचा मोठा भाग वायुरूपाने उडून जातो.

पूर ओसरल्यावर वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निघून जमीन मशागतीजोगी होईपर्यंत, शेतात ट्रॅक्टर घालू नये; ओली माती चाकाखाली दबली की निचरा आणखी मंदावतो. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी निर्जंतुकीकरण करून तपासून घेईपर्यंत पिऊ नये. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण वाहून आलेली कीटकनाशके किंवा डिझेल त्यातून जात नाही, त्यामुळे तसा वास किंवा तवंग असेल तर ते पाणी जनावरांनाही देऊ नये.