टेक्ससमध्ये लायसन्सवर ‘व्हेटरन’ आणि गाडीला माजी सैनिकाची नंबर प्लेट

सुरुवात डीडी-214 या सेवामुक्तीच्या कागदापासून करा. बहुतेक खेटे त्याच्यापायीच पडतात. त्याची ‘मेंबर-1’ ही छोटी प्रत असते, तिच्यात सेवेचा शेराच नसतो. ‘मेंबर-4’ प्रतीत तळाकडे 24 क्रमांकाचा रकाना असतो. त्यात ‘ऑनरेबल’ (सन्मानाने सेवामुक्त) छापलेलं हवं. खिडकीवर तेच बघतात. प्रत हरवली असेल तर एसएफ-180 फॉर्म भरून नॅशनल आर्काइव्ह्जकडून मागवा. कागदावर सोशल सिक्युरिटी नंबर असतो, तेव्हा त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

सेवा अमेरिकेच्याच सैन्यातली लागते. भारतीय सैन्यात उमेदीची वर्षं घालवून इथे आलेल्यांना ‘व्हेटरन’ ही नोंद मिळत नाही. ग्रीन कार्डावर इथल्या सैन्यात भरती झालेल्यांना मिळते.

लायसन्ससाठी डीपीएसची (टेक्ससमध्ये लायसन्स देणाऱ्या खात्याची) वेळ ऑनलाइन घ्या आणि कागद घेऊन स्वतः जा. नूतनीकरणाबरोबर नोंद केली तर वेगळा खर्च नाही. मध्येच करायची तर नव्या कार्डाचे 11 डॉलर पडतात. डीडी-214 वर माहेरचं नाव आणि लायसन्सवर सासरचं असेल तर लग्नाचा दाखला बरोबर ठेवा, नाहीतर काम तिथेच अडतं. सेवेतून आलेलं अपंगत्व 60 टक्के किंवा जास्त असून त्याचा भत्ता मिळत असेल, तर लायसन्सची फी माफ होते. ही माफी आपणहून मागा.

नंबर प्लेटचं काम डीपीएसकडे होत नाही, ते काउंटीच्या टॅक्स ऑफिसात होतं. ‘डिसेबल्ड व्हेटरन’ प्लेटसाठी सेवेतून आलेलं अपंगत्व किमान 50 टक्के हवं. पाय कापावा लागला असेल तर 40 टक्के पुरतात. व्हीटीआर-615 फॉर्म आणि टक्केवारी लिहिलेलं व्हीएचं (केंद्र सरकारच्या माजी सैनिक खात्याचं) पत्र द्या. पहिल्या जोडीचे 3 डॉलर.

खरी फसगत पार्किंगला होते. 1 जानेवारी 2022 पासून नुसत्या या प्लेटवर अपंगांच्या राखीव जागेत गाडी लावता येत नाही. प्लेटवर व्हीलचेअरचं चिन्ह हवं, नाहीतर आरशाला टांगायचं निळं कार्ड. जुनी, चिन्ह नसलेली प्लेट असलेल्यांनाही हाच नियम लागू आहे, आणि दंड 500 डॉलरपासून सुरू होतो. चिन्हासाठी चालण्या-फिरण्यात अडचण असल्याचं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. व्हीएच्या टक्केवारीवर भागत नाही. डॉक्टरांची सही आधी घ्या, मगच टॅक्स ऑफिसात जा.