नाशिकहून मुंबईची संग्रहालयं, कलादालनं आणि नाटक: वार कोणता, क्रम कसा

पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला लागते. संध्याकाळची परतीची पंचवटी सव्वासहाच्या सुमारास निघते. चालणं, जेवण आणि स्टेशन गाठणं वजा केलं तर बघण्यासाठी जेमतेम पाच तास उरतात. त्यात दोन संग्रहालयं, चार गॅलऱ्या, गेटवे आणि एक नाटक कोंबलं की दुपारी तीनला पाय बोलायला लागतात, सहाला धावपळ होते आणि नाटक राहूनच जातं. म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका: एका दिवसात एक मोठं संग्रहालय आणि त्याच्या चालत्या अंतरावरच्या गॅलऱ्या. नाटक हवं असेल तर त्याचा वेगळा हिशेब आहे, तो पुढे येईल.

आधी वार ठरवा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, आणि शेजारची राणीची बागही. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, सोमवारी बंद. जुहूच्या पृथ्वी थिएटरलाही सोमवारी प्रयोग नसतात. कुलाबा-फोर्टमधल्या बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी आणि सोमवारी उघडत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर आर्ट गॅलरी मात्र सोमवारीही चालू असतात. वस्तुसंग्रहालयाला सुट्टी असते ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर अशा दिवशी. गंमत अशी की नोकरदार माणसाला जोडून रजा मिळते ती नेमकी याच दिवसांना. सगळं उघडं मिळावं अशी इच्छा असेल तर शनिवार धरा. रविवारी खासगी गॅलऱ्या हुकतात, शिवाय मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. तेव्हा दादर-भायखळा असा लोकलचा प्रवास असेल तर आदल्या दिवशीच ब्लॉकच्या वेळा बघून ठेवा.

पंचवटीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवारी सेकंड सीटिंगही लवकर भरतं, त्यामुळे जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकाच बैठकीत काढा. जनरलच्या भरवशावर जाऊ नका. आणि पासधारकांच्या डब्यात चुकून चढलात तर सकाळी सकाळी वाद ओढवून घ्याल.

सीएसएमटीवरून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ दक्षिणेला, हुतात्मा चौक ओलांडून काळा घोडा, म्हणजे वस्तुसंग्रहालय आणि गॅलऱ्यांचा परिसर. वीस-पंचवीस मिनिटांचं चालणं आहे. चालायचं नसेल तर भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक स्टेशनला उतरा. पाठीवर एकच छोटी सॅक असू द्या. मोठी बॅग संग्रहालयाच्या दाराशी जमा करावी लागते आणि परत घेताना रांग लागते. पैसे, औषधं, चष्मा बॅगेत ठेवून ती जमा करू नका.

आता वस्तुसंग्रहालय. १९०५ साली पायाभरणी झाली, पण जनतेसाठी ते उघडलं १९२२ मध्ये. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. आत शिरलात की थेट दालनांकडे वळू नका. मध्यवर्ती घुमटाखाली उभे राहा आणि वर, पहिल्या मजल्याच्या गोल कठड्याकडे बघा. तिथे जे लाकडी कमानींचं काम दिसतं ते नाशिकचं आहे. नाशकातल्या एका वाड्याचं लाकूडकाम विक्रीला निघालं, विटेटने ते विकत घेतलं आणि या इमारतीत बसवलं. बाहेरून घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा, आणि आत आपल्या वाड्याचे खांब आणि महिरपी. जायच्या आधी जुन्या नाशकात एक चक्कर मारून सराफ बाजारातला सरकारवाडा बघून ठेवा. मग वर गेल्यावर खांब कठड्याच्या उंचीवरून, अगदी हाताच्या अंतरावर बघायला मिळतो तेव्हा तुलना करता येते. हात मात्र लावू नका. लाकडावर घामाचं तेल बसत जातं आणि त्या जागा काळपट पडतात.

क्रम असा ठेवा. तळमजल्यावरची शिल्पं आधी, पाऊण तास. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या मंदिरातले ब्रह्मा, शिव, विष्णूचे मोठे दगडी पट इथे आहेत. ते मुळात छताचे आहेत, म्हणजे घडवणाऱ्याने माणूस मान वर करून बघणार हे धरून ते कोरले. भिंतीवर उभे बघताना आकृत्यांचा तोल थोडा वेगळा वाटतो, तो यामुळे. सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपाच्या भाजक्या मातीच्या मूर्तीही चुकवू नका. पांडवलेण्यांमुळे आपल्या डोळ्याला बौद्ध शिल्प म्हणजे दगड अशी सवय असते. सिंधमध्ये गाळाची जमीन, दगड दुर्मीळ, म्हणून सगळं मातीत.

मग पहिला मजला, लघुचित्रं. दालन अंधुक असतं आणि बरेच जण ‘लाईट तरी लावा’ म्हणत पाच मिनिटांत बाहेर पडतात. प्रकाशाने कागद आणि रंग दोन्ही कायमचे खराब होतात, म्हणून तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. दोन मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावतात. सगळी चित्रं बघायची नाहीत. पाच निवडा आणि प्रत्येकापाशी तीन-चार मिनिटं थांबा. आधी माणसं मोजा, मग कोण कुणाकडे बघतंय ते बघा, मग कोपरे. लघुचित्रातली गंमत बहुतेक वेळा कोपऱ्यात असते: झोपलेला पहारेकरी, झाडावरचं माकड, विहिरीवरची बाई. छोटं भिंग जवळ असेल तर सोन्याची रेघ आणि केसाइतकी बारीक दाढी दिसते. काचेला नाक टेकवलं की वाफ धरते आणि मागच्याचं दिसणं बंद होतं, तेवढं सांभाळा.

दुसऱ्या मजल्यावर शस्त्रं आणि युरोपीय चित्रं. टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली ही चित्रं आणि अकबराचं चिलखत-ढाल, एवढ्यासाठी अर्धा तास पुरतो. लहान मुलं बरोबर असतील तर क्रम फिरवा: प्राण्यांचं दालन आणि स्वतंत्र बालसंग्रहालय आधी, शिल्पं नंतर. उलट केलंत तर मुलं ‘वाघ कुठाय’ विचारत तुम्हाला प्रत्येक मूर्तीपुढून ओढून नेतील. एकूण अडीच तासांवर थांबा. त्यानंतर डोळे बघतात, डोक्यात काही शिरत नाही.

फोटोचे नियम दालनागणिक बदलतात. फ्लॅश कुठेच चालत नाही आणि बाहेरून आलेल्या तात्पुरत्या प्रदर्शनात अनेकदा फोनही खिशातच ठेवावा लागतो. तिकीट खिडकीवर विचारून मोकळे व्हा.

जेवण उरकून जहांगीर आर्ट गॅलरी. ती संग्रहालयाला लागूनच आहे, १९५२ पासून, आणि प्रवेश फुकट. वेळ साधारण अकरा ते सात. इथली प्रदर्शनं मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात. सोमवारी दुपारनंतर गेलात तर काही भिंती रिकाम्या आणि खाली बबलरॅप, असं दृश्य दिसू शकतं. ‘आपण काही घेणार नाही, मग आत कसं जायचं’ हा संकोच नाशिकहून येणाऱ्या पुष्कळांना असतो. बिनधास्त जा. चित्रकार बहुतेक वेळा तिथेच खुर्चीवर बसलेला असतो आणि माणसं आली तर त्याला बरंच वाटतं. ‘याचा अर्थ काय’ असं विचारलंत की तो गडबडतो. त्यापेक्षा ‘हे कशावर केलंय, किती थर आहेत, आधी काय रंगवलंत’ हे विचारा. अर्धा तास बोलेल. चित्राखालच्या चिठ्ठीवर लाल टिकली असेल तर ते विकलं गेलं आहे. किंमत लिहिलेली नसेल तर यादी मागा, मागण्यात गैर काही नाही. बाहेर पडलात की फुटपाथवर चित्रं मांडून बसलेले कलाकारही बघा. तिथे घासाघीस चालते, आत चालत नाही.

समोरच्या बाजूला, चौक ओलांडून एनजीएमए. सर कावसजी जहांगीर हॉलच्या जुन्या इमारतीत १९९६ पासून हे संग्रहालय आहे. अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढत जातात, त्यामुळे खालचं मोठं चित्र वरच्या कठड्यावरून पुन्हा बघता येतं. जरूर बघा, लांबून ते वेगळंच दिसतं. गुडघे दुखत असतील तर जिन्यांचा अंदाज घेऊनच आत शिरा.

काळा घोडा नाव ऐकून घोडा शोधत फिरणारे पुष्कळ. सातव्या एडवर्डचा मूळ पुतळा १९६५ मध्येच इथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. चौकातला स्वाराविना घोडा २०१७ चा. जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत इथे नऊ दिवस कला महोत्सव भरतो. प्रयोग आणि कार्यशाळांसाठी तो उत्तम, पण त्याच दिवसांत संग्रहालय शांतपणे बघू म्हणाल तर जमायचं नाही. त्यातून जायचंच असेल तर मधला वार धरा.

भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी वेगळी वारी ठेवा. पंचवटीतून दादरला उतरून धीम्या लोकलने भायखळा, पूर्वेला बाहेर पडून दहा मिनिटं चालत. १८७२ चं हे मुंबईतलं सर्वात जुनं संग्रहालय. वस्तू लहान लहान: मातीच्या बाहुल्या, नकाशे, कारागिरी. दीड तास पुरतो. बाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा. त्याच्याचमुळे इंग्रजीत बेटाचं नाव एलिफंटा पडलं. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, तेव्हा सिनेमाची आवड असेल त्यांनी पेडर रोडवरचं राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयही यादीत ठेवावं. तेही सोमवारी बंद.

आता नाटक. रात्रीचा प्रयोग साडेआठच्या आसपास सुरू होतो आणि अकराच्या पुढे सुटतो. त्यानंतर नाशिक गाठायचा अट्टहास नको, मुक्काम करा. त्याच दिवशी परतायचं असेल तर शनिवार-रविवारचा दुपारी साडेतीन-चारचा प्रयोग पकडा, आणि तोही दादरच्या शिवाजी मंदिरचा; स्टेशनच्या पश्चिमेला, प्लाझा सिनेमासमोर. प्रयोग साडेसहा-सातला सुटतो. पंचवटी तोवर गेलेली असते, पण रात्री नऊनंतर सीएसएमटीहून सुटणारी देवगिरी एक्स्प्रेस दादरला थांबते आणि मध्यरात्रीनंतर नाशिकरोडला सोडते. तिचं आरक्षण नाटकाच्या तिकिटाच्या आधी काढा. नाटकाचं तिकीट पुन्हा मिळतं, बर्थ मिळत नाही. नाशिकरोडहून घरी जाण्याची सोयही आधीच लावून ठेवा.

नाटकाचा प्लॅन लागला, म्हणजे तिकीटविक्री उघडली, की पाचवी ते दहावी रांग, मधल्या खुर्च्या घ्या. पहिल्या दोन रांगांत मान दुखते आणि बाल्कनीतून चेहरे दिसत नाहीत. संगीत नाटकाला मात्र बाल्कनी वाईट नाही. जाहिरातीतली कलाकारांची नावं नीट वाचा. जुन्या गाजलेल्या नाटकात संच बदललेला असतो आणि मध्यंतरात वडा खाताना ‘अरे, हा तो नव्हेच’ असं लक्षात येतं.

एनसीपीए, म्हणजे राष्ट्रीय प्रयोगकला केंद्र, नरिमन पॉइंटला, पृथ्वी जुहूला. दोन्हीकडे उशिरा आलेल्याला थारा नाही. पृथ्वीत तर तिसऱ्या घंटेनंतर दार बंद म्हणजे बंद. जागा जेमतेम दोनशे, त्याही क्रमांकाविना, आणि रंगमंचाच्या तीन बाजूंना. वीस मिनिटं आधी रांगेत लागलात तर समोरची बाजू मिळते, नाहीतर अर्धं नाटक पाठीकडून. एनसीपीएचं १९८० चं टाटा थिएटर नैसर्गिक आवाजासाठी बांधलेलं आहे. शास्त्रीय गाण्याची बैठक तिथे असेल तर प्लास्टिकची पिशवी सुद्धा कानाला टोचते. फोन सायलेंट पुरत नाही, बंदच करा.

पावसाळ्यात या सगळ्यात तासाभराची सूट ठेवा. कसारा घाटात गाडी रखडली तर पंचवटी उशिरा लागते. अशा दिवशी दुसरा मजला आणि एनजीएमए सोडून द्या, लघुचित्रं सोडू नका.