अंकोरला भाड्याच्या सायकलने जाण्याआधी

कंबोडियातील अंकोरची देवळे सायकलने पाहायची असतील, तर तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू होते आणि ती पासपासून होते. हा पास देवळाच्या दारात मिळत नाही. सिएम रीप शहराजवळच्या स्वतंत्र तिकीट कार्यालयात तो काढता येतो आणि तेथेच आपले छायाचित्र घेऊन त्यावर छापतात. एका दिवसाला 37, तीन दिवसांना 62 आणि सात दिवसांना 72 डॉलर पडतात. तीन दिवसांच्या पासाचे दिवस सलग असावे लागत नाहीत, दहा दिवसांत केव्हाही वापरता येतात. सायकलवाल्याने तोच घ्यावा, कारण एका दिवसात पाय संपतात आणि देवळे उरतात.

पास हाती पडताच तो दुसऱ्या दिवशी घालायच्या कपड्यांच्या खिशात ठेवावा. पिशवीत नव्हे, टेबलावर नव्हे, खिशात. मागच्या खेपेस मी तो वेळेवर काढला, संध्याकाळी अंगातला सदरा खुंटीला अडकवला आणि पहाटे साडेचारला दुसरा सदरा घालून निघालो. तपासनाक्यावरून सहा किलोमीटर मागे आणि तेवढेच पुन्हा पुढे जाईपर्यंत सूर्य मनोऱ्यांच्या बराच वर आला होता. नाका ओलांडला की सुटलो असेही नाही, कारण पुढे मोठ्या देवळांपाशीही पास पाहतात. पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पण खिशातच.

सायकल आदल्या दिवशीच घ्यावी. ब्रेक, हवा, कुलूप आणि सीटची उंची पाहावी. अनामत म्हणून पारपत्र मागितल्यास देऊ नये, रोख ठेवावी. पहाटेचा रस्ता झाडीतून आणि अंधारातून जातो, तेव्हा डोक्याला बांधायची बॅटरी हवी. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, हे सांगून कळते पण हातात उतरत नाही: मोकळ्या रस्त्यावर आपण नकळत डावीकडे सरकतो आणि समोरून टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, आली की मग आठवते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, अन्यथा अंकोर वाट या मुख्य देवळाच्या सर्वांत वरच्या भागात सोडत नाहीत. पाणी न्यावे, हे सांगायला नको. केळी मात्र सायकलच्या टोपलीत उघडी ठेवू नयेत. वाटेतील माकडे आपल्याकडच्या कोणत्याही गडावरच्या माकडांइतकीच धीट आहेत.

अंकोर वाट पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे पश्चिमेच्या ओवरीतील कुरुक्षेत्र आणि लंकेचे युद्ध दुपारनंतर उजळतात, तर पूर्वेच्या ओवरीतील जवळजवळ 49 मीटर लांबीचे समुद्रमंथन सकाळी पाहावे. पहिल्या दिवशी सुमारे 17 किलोमीटरचा छोटा फेरा करावा, त्यात बायोन आणि ता प्रोम ही देवळे येतात. दुसऱ्या दिवशी सुमारे 26 किलोमीटरचा मोठा फेरा. बान्तेय स्रेई हे देऊळ सिएम रीपपासून तिसाहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेथे सायकल नको, टुकटुक करावी. परतताना अंधाराआधी निघावे.

आणि रात्री घामट सदरा धुवायला टाकण्यापूर्वी त्यातला पास काढून दुसऱ्या दिवशीच्या खिशात घालावा.