कुंपणाला करवंद लावायचंय? मग हे वाचा

तारेच्या कुंपणावर पैसे घालवायच्या आधी करवंदीचा विचार करा, खडकाळ जमीन, कातळावरची पातळ माती, एप्रिलचं ऊन सगळं झेलते आणि काटे असे की मोठी झाल्यावर गुरं आत घुसायचं नाव काढत नाहीत.

रोपं बियांपासून करा, फांदी लावून सहसा जगत नाही. मे-जूनमधली काळीभोर पिकलेली करवंदं घ्या, गर धुवून काढा, बिया सावलीत एखाद दिवस सुकवा आणि लगेच पिशवीत पेरा. ‘पुढच्या वर्षी लावू’ म्हणून डबीत ठेवल्या तर उगवणार नाहीत, मी दोनदा केलंय हे. रोप वर्षभर पिशवीत वाढवून पुढच्या पावसाच्या सुरुवातीला अडीच-तीन फुटांवर लावा. पहिला उन्हाळा पाणी द्या, मग विसरलात तरी चालेल, फक्त पाणी साचणारी जागा नको. फळाला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

छाटणीचं मात्र नीट ऐका. आमच्याकडे एकाने कुंपण ‘नीटनेटकं’ दिसावं म्हणून जानेवारीत कात्री चालवली आणि त्या वर्षी फुलंच नाहीत! छाटायचं ते फळं संपल्यावर, पावसाच्या तोंडाला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी चांदणीसारखी फुलं येतात, संध्याकाळी जाईसारखा वास, मधमाश्या आणि पतंग हजर. मग एप्रिल-मेमध्ये बाकी रान वाळलेलं असताना ही काळी मैना पिकते म्हणून बुलबुल, कोकीळ, तांबट, साळुंक्या सगळे इथेच, आणि रात्री उदमांजरही. तेच बिया लांब नेऊन टाकतात, माळावर आपोआप करवंद उगवते ती अशी. बुलबुल तर काट्यांच्या आत घरटंच बांधतो, मांजराला पंजा घालता येत नाही ना! म्हणून मे महिन्यात आत घरटं आहे का बघूनच हात घाला. फळं वाचवायला जाळी टाकू नका, पक्षी अडकून मरतात. खालच्या अर्ध्या भागातली आपण काढायची, वरची त्यांची. खाली पडलेला पाचोळाही झाडू नका, त्यातले किडे सातभाई उकरून खातात.

काढताना चीक हाताला चिकटतो, आधी खोबरेल लावा. आणि मुलांना ‘कोंबडा की कोंबडी’ खेळू द्या, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हरलेल्याने पुढचं करवंद काट्यातून काढून आणायचं.