कन्व्हर्टिबलच्या छताला चीर पडली? आधी सांगाडा बघा, मग ठिगळ लावा

कन्व्हर्टिबलचं, म्हणजे छत दुमडून मागे घेता येणाऱ्या गाडीचं, मऊ छत सहसा वाटेल तिथे फाटत नाही. चिरेच्या जागा ठरलेल्या असतात: घडी पडते ती रेघ, दारावरची कड, मागच्या खिडकीभोवतीची शिवण. याचा अर्थ चीर पाडणारं काहीतरी तिथेच, आतल्या बाजूला बसलेलं आहे. ते तसंच ठेवून कितीही सुबक ठिगळ लावलं, तरी काही आठवड्यांत तेही त्याच रेषेत कापलं जातं. म्हणून दुरुस्तीची सुरुवात सुईपासून किंवा गोंदापासून नको, सांगाड्यापासून करा.

छत अगदी हळू, अर्ध्यावर येईपर्यंत खाली घ्या आणि चिरेच्या जागी कापड कसं हलतं ते कुणाला तरी बाजूला उभं राहून पाहायला सांगा. बिजागऱ्यांच्या मध्ये बोट घालू नका. छत विजेवर चालणारं असेल तर अर्ध्यावर थांबलेल्या छताखाली हातही नको, कारण दाब उतरला की ते खाली येऊ शकतं.

बहुतेक वेळा दोषी निघतो तो बाजूचा इलॅस्टिकचा पट्टा. छत दुमडताना कापडाची कड आत ओढून घ्यायची, हे त्याचं काम. काही गाड्यांत या कामासाठी कडेतून बारीक तारेची दोरी गेलेली असते. पट्टा सैल पडला किंवा तार तुटली की कापड बाहेर लोंबतं आणि सांगाड्याच्या दांड्यांत चिमटलं जातं. रोज तेच, रोज त्याच जागी. पट्टा नवा बसवणं हे ठिगळापेक्षा महत्त्वाचं काम आहे, आणि फारसं अवघडही नाही. वर आलेलं रिव्हेटचं डोकं किंवा उघडा पडलेला धातू घासत असेल, तर त्यावर जाड फेल्टचा तुकडा चिकटवा.

आता छत कशाचं आहे ते ओळखा. व्हिनाइलचं छत गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखं लागतं. कापडी छतावर विणकाम दिसतं, आणि ते बहुधा तीन थरांचं असतं: वर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचं विणलेलं कापड, मध्ये रबराचा पातळ थर, आत अस्तर. पाणी अडवतो तो मधला रबराचा थर. वरचं विणकाम नुसतं विरलं असेल आणि रबर शाबूत असेल, तर घाबरण्यासारखं काही नाही. तिथे आतून ठिगळ पुरेल. व्हिनाइलची परीक्षा वेगळी आहे. उन्हाने त्यातला मऊपणा निघून जातो. चिरेच्या आजूबाजूचा भाग हलकेच वाकवा. तो कडक लागला, बारीक तडे दिसू लागले, तर वेळ आणि गोंद वाया घालवू नका. ते छत बदलायलाच झालं आहे.

कधीकधी चीर नसतेच, फक्त शिवण उसवलेली असते. कापड धड, दोरा मात्र उन्हाने कुजलेला. ही सगळ्यांत सोपी दुरुस्ती. वाकडी सुई घ्या आणि पॉलिएस्टरचा, ऊन सोसणारा जाड दोरा. सुती दोरा ओलीने कुजतो, तो नको. उसवलेल्या भागाच्या दोन-तीन सेंटिमीटर आधीपासून सुरुवात करा आणि टाके जुन्याच भोकांतून घाला. नवी भोकं पाडली तर तिकिटांच्या कागदासारखी कापडाला फाटायची रेघच आखून दिल्यासारखं होतं. शेवटी शिवणीवर सीम सीलर, म्हणजे टाक्यांची भोकं बुजवणारा द्रव, लावा.

खरी चीर असेल तर क्रम असा ठेवा.

स्वच्छता. सौम्य साबणाने धुवा आणि पूर्ण वाळू द्या, घाई नको. छतावर आधी चमक आणणारा किंवा पाणी रोखणारा स्प्रे मारला असेल तर त्याचा थर गोंदाला धरू देत नाही. म्हणून ठिगळाची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग उतरत नाही ना ते पाहून. व्हिनाइलला थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, ते विरघळायला लागतं.

ताण काढा. पुढच्या काचेवरच्या कड्या सोडा आणि छताची पुढची कड गुंडाळलेल्या टॉवेलवर टेकवा. ताणलेल्या कापडाच्या दोन कडा ओढून जुळवाल, तर गोंद सुकण्याआधीच त्या सुटतील.

कडा जुळवा. लोंबणारे धागे ओढू नका, कात्रीने कापा. व्हिनाइलमध्ये चिरेच्या दोन्ही टोकांना पंचने दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडा, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. कापडी छतात चीर लांब असेल तर दोन्ही कडा आळीपाळीने धरणारे सैलसर टाके घाला. टाका घट्ट ओढला की चुणी पडते, आणि चुणीत पाणी साठतं.

ठिगळ आतून. टाक्यांची भोकं याच ठिगळाने झाकली जातात, म्हणून शिवण आधी, ठिगळ नंतर. आतलं अस्तर सुटं होत असेल तर तेवढ्या भागापुरतं सोडवा. ठिगळ छताच्याच जातीच्या कापडाचं, चिरेपेक्षा सगळीकडून तीन सेंटिमीटर मोठं हवं. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी उचलतात. दोन्ही पृष्ठभागांना कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्हचा पातळ हात द्या आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. हे थांबणंच लोक टाळतात आणि ठिगळ निघालं की गोंदाला नावं ठेवतात. आतून पॉलिथिन गुंडाळलेली फळी कुणाला तरी धरायला सांगा आणि बाहेरून छोट्या रोलरने मधून कडेकडे दाबत जा. एकदा टेकलेलं ठिगळ सरकवता येत नाही, तेव्हा जागा आधी खडूने आखून ठेवा. गाडीची दारं उघडी असू द्या, आसपास ज्योत नको.

वरून चिरेच्या रेषेत पॉलियुरेथेनच्या लवचिक गोंदाची बारीक धार भरून जादा गोंद लगेच पुसा. सुपरग्लू वापरू नका, तो कडक होतो आणि पहिल्याच घडीत तडकतो. सिलिकॉनही नको, कारण एकदा ते लागलं की पुढे त्या जागी दुसरं काही चिकटत नाही.

चोवीस तासांनी कड्या लावा. गोंदाच्या डब्यावर जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळा, आणि पुढचे काही दिवस छत खाली घेऊ नका.

मागची खिडकी हा वेगळा विषय. प्लॅस्टिकची खिडकी घडीवर तडकली असेल तर पारदर्शक पट्टी तात्पुरती चालते, पण मागचं नीट दिसत नाही, म्हणून ती बदलणंच योग्य. थंडीत प्लॅस्टिक ताठरतं, तेव्हा छत दुमडूच नका. काचेची खिडकी कापडापासून सुटू लागली असेल तर ते काम जाणत्या कारागिराकडे द्या. काच जड असते आणि ती सर्व बाजूंनी सारखी दाबून धरावी लागते.

गळती तपासताना झारीने पाणी घाला, प्रेशर वॉशर नको. आत कोरडे टिशू पेपर लावून ठेवा. खालून वर जात राहिलात तर पाणी नेमकं कुठून शिरतं ते कळतं. छताच्या खाचेतली पाणी वाहून जायची भोकं पानांनी तुंबली नाहीत ना, तेही याच वेळी पाहून घ्या.

पहिल्यांदा छत खाली घ्याल तेव्हा पुन्हा तेच करा: हळू, अर्ध्यावर, बाजूला कुणीतरी उभं. ठिगळाची कड दांड्यांकडे सरकताना दिसली तर लगेच थांबा आणि पट्टा आणखी आवळा.