बॅकलिंक मोजण्याआधी वाचा

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या पानाला आलेली लिंक. एखाद्या पानाचं वजन, म्हणजे त्याचं महत्त्व, त्यावरच्या सगळ्या लिंक्समध्ये वाटलं जातं, हे १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँकचं (गूगलची पानांचं महत्त्व मोजण्याची पद्धत) मूळ गणित. म्हणून शेकडो लिंक्सच्या यादीत कोपऱ्यात नाव येण्यापेक्षा आपल्याच विषयावरच्या एका नेटक्या लेखात, ओघात आलेली लिंक मला कधीही मोलाची वाटते.

सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातला ‘लिंक्स’ अहवाल उघडा. कोण लिंक देतंय, कोणत्या पानाला, कोणत्या शब्दांवर, ते बघा. लिंक आलेलं पान तुम्ही हलवलं असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावा. मी सगळ्यात आधी हेच करते. हक्काचं वजन वाया का घालवायचं? नोफॉलो लिंकवर (जिच्यावर ‘हिला वजन देऊ नका’ अशी सर्च इंजिनसाठी खूण असते) नाराज होऊ नका, गूगल त्या खुणेला आता हुकूम नाही, निव्वळ संकेत मानतं. विकतच्या लिंक्स मात्र नकोतच.