कर्करोगाच्या वेदना घरीच आटोक्यात आणताना : माझा अनुभव

चोपड्याजवळच्या आमच्या गावी वडिलांच्या कर्करोगाच्या वेदना ट्रामाडॉल या वेदनाशामकाला दाद देत नव्हत्या आणि मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या अधिक तीव्र वेदनाशामकाची चिठ्ठी घेऊन जळगावातील औषधदुकाने पालथी घातली, तरी हाती काही लागेना. जीव मेटाकुटीला आला. अमली पदार्थविरोधी कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीनंतर हे औषध मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांकडे मिळते, हे कळल्यावर मार्ग सापडला.

प्रथम बायोप्सीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड व ओळखपत्र नेऊन अशा संस्थेच्या पॅलिएटिव्ह केअर (वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) विभागात नोंद केली. डॉक्टरांनी ठरवलेली गोळी, दुखो वा न दुखो, दर चार तासांनी सुरू केली. मॉर्फिनने बद्धकोष्ठता बहुधा होतेच, म्हणून पोट साफ होण्याचे औषधही पहिल्याच दिवसापासून दिले. मध्येच कळ आल्यास द्यायची जादा मात्रा वेगळी लिहून घेतली. (‘अफूची सवय लागेल’ हा भाऊबंदांचा सल्ला कानाआड करावा.) आईने प्रत्येक वेळ कालनिर्णयच्या चौकटीत टिपली आणि पुढील भेटीत त्या नोंदी पाहूनच डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तेव्हा वडिलांना सलग झोप लागू लागली.